स्नायूची उष्णता आणि एटीपीचा जमाखर्च: या चुका टाळा

सेकंड इयरला असताना मी सायकल एर्गोमीटरच्या (लोड मोजता येणारी जागेवरची सायकल) प्रॅक्टिकलला माणसाच्या स्नायूंची एफिशियन्सी, म्हणजे खर्चलेल्या ऊर्जेतला कामात उतरलेला वाटा, ८० टक्के काढली होती. नुसती काढली नव्हती, जर्नलमध्ये लाल पेनाने चौकट करून लिहिली होती. सरांनी पान बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, अरे डिझेल इंजिन पण चाळीसच्या आसपास थांबतं, हा तुझा मित्र काय खाऊन पॅडल मारत होता?

चूक अगदी साधी होती. १०० वॉट लोड म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल, मिनिटाला ६ किलोज्यूल काम. ऑक्सिजन मोजला तो मिनिटाला १.५ लिटर, आणि लिटरमागे साधारण ५ किलोकॅलरी हे पाठ होतं, म्हणजे झाले ७.५, आणि मी ६ भागिले ७.५ करून मोकळा. वर किलोज्यूल, खाली किलोकॅलरी! ७.५ ला ४.१८ ने गुणलं की ३१ किलोज्यूल होतात आणि उत्तर येतं १९ टक्के. त्यातून नुसतं बसून लागणारा ऑक्सिजन, समजा ०.३ लिटर, वजा केला तर २४ टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पहिली ग्रॉस आणि दुसरी नेट, फक्त कुठली काढली ते लिहायला पाहिजे, आणि तेच कोणी लिहीत नाही.

आता मीच जर्नल तपासतो आणि दरवर्षी तोच ८० टक्केवाला कोणीतरी भेटतो. बघता बघता एक लक्षात आलंय की या चॅप्टरमधल्या जवळजवळ सगळ्या चुका बायोलॉजीच्या नसतात, हिशोबाच्या असतात. स्नायूची वही दोन बाजूंची आहे. एका बाजूला बाहेर काय पडलं, म्हणजे उष्णता अधिक काम. दुसऱ्या बाजूला आत काय फुटलं, म्हणजे कुठलं रसायन किती मोल आणि मोलमागे किती एन्थाल्पी (ते फुटताना उष्णता आणि काम मिळून बाहेर पडणारी ऊर्जा). दोन्ही बाजू एकाच वेळेच्या, एकाच एककातल्या हव्यात. एका बाजूला पहिला अर्धा सेकंद आणि दुसऱ्या बाजूला पुढची अर्ध्या तासाची रिकव्हरी धरली की वही जुळणार कशी.

७.३ पाठ आहे, पण वापरायचं कुठे?

एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, फुटलं की मोलमागे ७.३ किलोकॅलरी, म्हणजे ३०.५ किलोज्यूल. हा आकडा बारावीपासून डोक्यात बसलेला असतो आणि मुलं तो उष्णतेच्या गणितात सरळ टाकतात. इथे दोन चुका एकदम होतात बघा.

पहिली, ३०.५ हा स्टँडर्ड परिस्थितीतला आकडा, सगळं एक मोलर वगैरे. खऱ्या स्नायूपेशीत एटीपी भरपूर आणि एडीपी (एटीपी फुटून उरतं ते) अगदी चिमूटभर असतं, त्यामुळे तिथे मिळणारी फ्री एनर्जी मोलमागे ५० ते ६० किलोज्यूलच्या घरात जाते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण फ्री एनर्जी सांगते की जास्तीत जास्त काम किती काढता येईल, तर उष्णता अधिक काम यांची बेरीज सांगते ती एन्थाल्पी. थर्मोपाइलला (तापमानातला बारीक फरक मोजणारं यंत्र) फ्री एनर्जी कळत नाही, त्याला उष्णताच कळते. उष्णतेचा प्रश्न आला की एन्थाल्पी घ्या, काम किती निघू शकतं असा प्रश्न आला की फ्री एनर्जी.

त्यातही छोट्या आकुंचनात एटीपीची पातळी हलतच नाही, कारण क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूतला फॉस्फेटचा राखीव साठा, लगेच भरपाई करतं. म्हणजे शेवटी वहीत कमी झालेलं दिसतं ते क्रिएटिन फॉस्फेट, आणि त्याच्या फुटण्याची एन्थाल्पी स्नायूच्या आतल्या परिस्थितीत मोलमागे साधारण ३४ किलोज्यूल धरतात.

"एटीपी कमी झालं नाही म्हणजे वापरलंच नाही"

ही चूक नुसती विद्यार्थ्यांची नाही, मोठमोठे लोक इथे वर्षानुवर्षं अडकले होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९२२ चं मेडिसिनचं नोबेल ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना मिळालं, हिलना स्नायूतल्या उष्णतेसाठी आणि मायरहोफना ऑक्सिजन आणि लॅक्टिक ॲसिडच्या संबंधासाठी. तेव्हा समजूत अशी की लॅक्टिक ॲसिड तयार होतं तेच स्नायूला आखडवतं. मग १९२७ मध्ये हार्वर्डला फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव (हो, आंध्रातल्या भीमावरमचे) यांनी क्रिएटिन फॉस्फेट ओळखलं, एटीपी १९२९ मध्ये सापडलं. १९३० मध्ये लुंड्सगार्डने आयोडोॲसिटेट नावाचं विष देऊन स्नायूत लॅक्टिक ॲसिड बनणंच बंद पाडलं, तरी स्नायू आखडतच राहिला! झालं, जुनी थिअरी तिथेच बसली. १९३४ ला लोहमनने दाखवलं की क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट एडीपीला देऊन एटीपी परत बनवतं.

पण जिवंत स्नायूच्या एकाच झटक्यात एटीपी खरंच फुटतं हे कोणी दाखवू शकत नव्हतं. मोजायला जावं तर आधीही तेवढंच, नंतरही तेवढंच. हिलनी १९५० मध्ये बायोकेमिस्ट मंडळींना जाहीर आव्हानच दिलं की दाखवा बुवा. ते जमलं १९६२ ला, केन आणि डेव्हिस यांनी बेडकाच्या स्नायूतलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे ही भरपाई करणारं एन्झाइम, एका रसायनाने बंद केलं, भरपाईचा नळच बंद, आणि मग एका आकुंचनात एटीपी कमी झालेलं स्पष्ट दिसलं.

तेव्हा पेपरात "आकुंचनानंतर एटीपीची पातळी तेवढीच राहिली, यावरून काय निष्कर्ष काढाल" असं आलं तर "एटीपी लागत नाही" असं लिहू नका. पगार झाला त्याच दिवशी घरभाडं गेलं तर बॅलन्स तोच दिसतो, व्यवहार दोन झालेले असतात. माणसाच्या स्नायूत एटीपी किलोमागे फक्त ५ ते ८ मिलिमोल असतं, पूर्ण ताकदीने पळालात तर दोन-तीन सेकंदांचा माल, म्हणजे ते सतत भरलं जातंय हे वेगळं सिद्ध करायची गरजच नाही खरंतर.

आधीची उष्णता आणि नंतरची उष्णता

बेडकाच्या स्नायूचा एक झटका, तापमान वाढतं साधारण ०.००३ अंश. एवढंसं मोजायला थर्मोपाइल लागतो. या उष्णतेचे दोन हप्ते असतात. पहिला आखडताना आणि सैल पडताना, इनिशियल हीट, जी ऑक्सिजन असो वा नसो तेवढीच येते. दुसरा हप्ता नंतर सावकाश, मिनिटामिनिटाने, थंड स्नायूत तर अर्धा तास सुद्धा, ती रिकव्हरी हीट, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया क्रिएटिन फॉस्फेट परत भरत बसलेत त्याची. ऑक्सिजन असेल तर ही दुसरी साधारण पहिल्याएवढीच असते, आणि नायट्रोजनमध्ये ठेवलं तर जवळपास गायबच होते.

मुलं काय करतात, एफिशियन्सी काढताना काम भागिले (इनिशियल उष्णता अधिक काम) असं करून ४० टक्के आणतात, आणि मग सायकलवाल्याच्या २४ टक्क्यांशी तुलना करून लिहितात की बेडूक माणसापेक्षा कार्यक्षम आहे. अहो, बेडकाच्या हिशोबात रिकव्हरी धरलीच नाही! ढोबळ मानाने आकुंचनाच्या टप्प्यात अर्ध्याच्या आसपास निघतं, भरपाईच्या टप्प्यात परत अर्ध्याच्या आसपास, अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. तो पाव म्हणजेच सायकलवरचे २०-२५ टक्के.

फेन इफेक्टचं उलटसुलट

व्हायवाला हमखास विचारतात आणि हमखास चुकतं. उत्तर येतं, "लोड वाढलं की उष्णता वाढते." असं नाही म्हणालेत फेन.

फेन अमेरिकन, हिलच्या प्रयोगशाळेत आलेले, त्यांचे पेपर १९२३ आणि १९२४ चे. तेव्हा चित्र असं होतं की स्नायू म्हणजे चावी दिलेलं खेळणं, स्टिम्युलस आला की ठरलेली ऊर्जा एकदम सुटते, मग तुम्ही वजन उचला नाहीतर नका उचलू. फेननी दाखवलं की स्नायूला आखूड होऊन वजन उचलू दिलं तर एकूण ऊर्जा, म्हणजे उष्णता अधिक काम, नुसतं जागच्या जागी ताणून धरण्यापेक्षा जास्त निघते, आणि जास्तीची ऊर्जा साधारण केलेल्या कामाच्या हिशोबात असते. म्हणजे सुतळी बॉम्ब नाही की वात पेटली की विषय संपला, ही गॅसची शेगडी आहे, वर काय ठेवलंय त्याप्रमाणे आच आकुंचन चालू असतानाच कमी-जास्त होते. आणि लोड इतकं वाढवलं की स्नायू हलूच शकत नाही, तर काम शून्य आणि एकूण ऊर्जा परत खाली. म्हणून "लोड वाढलं की वाढते" हे वाक्य अर्धवट आहे, मधे कुठेतरी शिखर असतं.

जाता जाता, हिलनी १९३८ मध्ये लिहिलं की आखूड होण्याची उष्णता लांबीतल्या फरकाच्या प्रमाणात असते आणि लोडवर अवलंबून नसते. पुष्कळ गाईड्स अजून तेवढंच छापतात. १९६४ ला हिलनी स्वतःच ते दुरुस्त केलं, लोडप्रमाणे ती बदलते म्हणाले. नोबेलवाला माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांनी आपलंच वाक्य मागे घेतो आणि आपण अजून जुनं रट्टा मारतोय, असो.

कळशी धरून उभं राहणं

फिजिक्सवाले म्हणतात कळशी धरून उभे राहिलात तर काम शून्य. बरोबर आहे. मग मुलं पुढे लिहितात, "म्हणून ऊर्जा खर्च होत नाही." आणि यांच्या आईने नळाच्या रांगेत कळशी घेऊन अर्धा तास काढलेला असतो! काम शून्य म्हणजे एफिशियन्सी शून्य, खर्च शून्य नाही. क्रॉसब्रिज, म्हणजे मायोसिन प्रोटीनचे शेजारचा तंतू ओढणारे हात, धरतात, सोडतात, परत धरतात, दर फेरीला एक एटीपी, आणि सगळं उष्णता म्हणून बाहेर.

शिवाय सगळा एटीपी मायोसिनच्या नावावर टाकू नका. आयसोमेट्रिक (लांबी न बदलता होणाऱ्या) आकुंचनात साधारण एक तृतीयांश एटीपी आयनांच्या पंपांवर जातो, त्यातही मुख्यतः कॅल्शियम परत पेशीतल्या पिशवीत भरणाऱ्या पंपावर. सैल पडायलाही एटीपी लागतो, म्हणून तर मेल्यावर तो संपला की शरीर ताठरतं. याचं भयानक रूप बघायचं तर मॅलिग्नंट हायपरथर्मिया. काही लोकांच्या कॅल्शियम सोडणाऱ्या चॅनेलमध्ये जन्मजात दोष असतो, भूल द्यायला हॅलोथेनसारखा गॅस किंवा सक्सिनिलकोलीन दिलं की कॅल्शियम सुटतच राहतं, पंप एटीपी जाळत राहतो, स्नायू कडक होतात आणि टेबलवर झोपलेल्या पेशंटचं तापमान झपाट्याने चढतं. उपाय डँट्रोलिन, जे कॅल्शियमचं ते सुटणंच रोखतं. नुसत्या क्रोसिनने आणि ओल्या फडक्याने हा ताप आटोक्यात येत नाही, कारण मेंदूचा थर्मोस्टॅट बिघडलेला नाही, शेगडी चालू राहिलीय. आणि स्वोर्डफिश मासा तर हीच युक्ती मुद्दाम वापरतो, डोळ्याजवळच्या एका स्नायूत आखडायची यंत्रणा जवळपास नाहीच, फक्त कॅल्शियम आत-बाहेर करून मेंदू आणि डोळे गरम ठेवायचे.

सिंहगड चढणं आणि उतरणं

हे माझं आवडतं गणित, कारण इथे सगळे पडतात. ७० किलोचा माणूस पायथ्यापासून साधारण ६०० मीटर चढला. काम म्हणजे ७० गुणिले ९.८ गुणिले ६००, जवळपास ४१२ किलोज्यूल, म्हणजे फक्त ९८ किलोकॅलरी. पाव एफिशियन्सी धरली तर शरीराने खर्च केले १६५० किलोज्यूल, ३९० किलोकॅलरीच्या आसपास, त्यातले १२३८ उष्णतेत गेले आणि ४१२ उंचीत साठले. वर पिठलं-भाकरी, दही, वर कांदाभजी खाल्ली की हिशोब कुठे जातो ते मी सांगत नाही.

आता उतरताना? बहुतेक जण लिहितात "उतरताना परत ४१२ किलोज्यूल काम, म्हणून तेवढाच खर्च." नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात, एक्सेंट्रिक आकुंचन, म्हणजे काम तुम्ही करत नाही, तुमच्यावर होतं. एटीपी खूप कमी लागतो. पण ते साठलेले ४१२ किलोज्यूल जाणार कुठे? उष्णतेत, बहुतेक तुमच्याच स्नायूंत. गड चढून परत गाडीपाशी आलात की निव्वळ काम शून्य, खाल्लेलं सगळं उष्णता झालेलं. बेडकाच्या प्रयोगातही हेच होतं, वजन उचललं आणि सैल पडताना खाली आलं तर ते काम उष्णता होऊन परत स्नायूत येतं, आणि ते वेगळं काम म्हणून परत मोजलं की एकच पैसा दोनदा जमा.

१९५२ मध्ये इंग्लंडात ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या, एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं. बल तेच, वेग तोच, पण अडवणाऱ्याचा ऑक्सिजन कित्येक पट कमी. म्हणजे दमायचं असेल तर पुढचा हो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ओरडायचं असेल तर मागचा.

ते दुखणं लॅक्टिक ॲसिडचं नाही हेही इथेच लिहून टाकतो. लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं, हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, लिव्हर त्याचं ग्लुकोज करतं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं, आणि ते चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त, जिथे लॅक्टिक ॲसिड कमी बनलेलं असतं. ताणलेल्या तंतूंना झालेल्या बारीक इजा हे कारण. मसाज करून "लॅक्टिक ॲसिड काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे मसाजचे द्या, ॲसिडचे नको.

प्रोटीन जाळून व्यायाम

"मसल प्रोटीनचे बनलेत म्हणून काम करताना प्रोटीन जळतं." जिममध्ये डबा हातात घेऊन सांगतात. लीबिगसारख्या मोठ्या केमिस्टचंही हेच म्हणणं होतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोघे स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले, १९५६ मीटरची चढण. आदल्या दिवसापासून प्रोटीन बंद, फक्त स्टार्च, चरबी आणि साखर, आणि सगळी लघवी जमा करून त्यातला नायट्रोजन मोजला, कारण जळलेल्या प्रोटीनचा हिशोब त्यावरून लागतो. ६६ किलोच्या फिकने नुसतं वजन वर न्यायला १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ३०० किलोकॅलरीच्या वर काम केलं, आणि जळलेलं प्रोटीन निघालं जेमतेम ३७ ग्रॅम, दीडशेच्या आसपास किलोकॅलरी. सगळं प्रोटीन १०० टक्के एफिशियन्सीने वापरलं असतं तरी निम्माच डोंगर झाला असता. बाकीचा डोंगर कार्बोहायड्रेट आणि फॅटवर. प्रोटीन बांधकामाला लागतं, खा की, पण ते सिमेंट आहे, डिझेल नाही.

घाम

घाम म्हणजे फॅट वितळून बाहेर, हे मी पदवीधर माणसांकडून ऐकलंय. १०० वॉटवाला आपला सायकलस्वार घ्या, एकूण साधारण ५०० वॉट खर्च, ४०० वॉट उष्णता, मिनिटाला २४ किलोज्यूल. ७० किलो शरीर एक अंशाने तापायला २४५ किलोज्यूल लागतात, म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही तर दर १० मिनिटांना एक अंश. एक ग्रॅम घाम वाळला की २.४ किलोज्यूल नेतो, तेव्हा मिनिटाला १० ग्रॅम, तासाला ६०० ग्रॅम. तासाभराने काट्यावर कमी दिसतं ते हे पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत.

वाळला पाहिजे हा शब्द महत्त्वाचा. मुंबईत मे महिन्यात घाम टपटप गळतो पण वाळत नाही आणि गळलेल्या घामाने थंडावा मिळत नाही. आणि असल्या हवेत वर प्लास्टिकचा सूट घालून पळणारे म्हणजे स्वतःचा रेडिएटर बुजवून गाडी घाटात चढवणारे.

प्रॅक्टिकलला आकडा विचित्र आला तर

ग्रॉस एफिशियन्सी ३० च्या वर आली की आधी एकक बघा, ९० टक्के वेळा तिथेच सापडतं. एकक बरोबर असेल तर रीडिंग कधी घेतलं ते बघा, पहिल्या एक-दोन मिनिटांचा ऑक्सिजन कमीच येतो कारण तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेट आणि लॅक्टिक ॲसिडची उधारी चालू असते, तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर स्थिर झाला की घ्या. लोड फार जड ठेवला तर तो स्थिर होतच नाही, उधारी शेवटपर्यंत चालते, मग हलका ठेवून परत करा. एफिशियन्सी १० च्या खाली आली तर मास्क, ट्यूब, सीटची उंची, आणि तो मित्र पॅडलबरोबर खांदे पण हलवतोय का ते बघा. जुन्या एर्गोमीटरवर लोड किलोपाँडमध्ये (एक किलो वजनाएवढं बल) असतो, त्याला ९.८ ने गुणायचं राहून गेलं तर उत्तर साधारण दहापट घसरतं.

आणि ते कोविडमधले कपाळाचे थर्मामीटर मांडीवर रोखून "व्यायामाने स्नायू थंड झाला" असं लिहू नका, गेल्या वर्षी तीन जर्नलमध्ये होतं. व्यायाम सुरू झाला की कातडीकडचं रक्त आधी आटतं, मग घाम येतो, त्यामुळे वरची कातडी सुरुवातीला गारही पडते, तेव्हा आत मांडीचा स्नायू ३५ वरून ३८-३९ कडे चाललेला असतो. त्या यंत्राला फक्त कातडी दिसते.